पब्लिक काढलेली सीडी

चांगली भली कॅसेट कपाटात झोपली होती. तिला उठव म्हणून हरिचंद्र कासारेला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण समोर जुना दोस्त श्यामकांत बसलेला असला आणि पोटात मटण गेलेलं असलं, की हरिचंद्रच्या तोंडाला कुलूप म्हणून राहत नाही. तिथूनच सगळं सुरू झालं.

आधी माणूस समजून घ्या. हरिचंद्र म्हणजे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर. राहायला बदलापूरला, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगीत, जिथे भिंती एवढ्या पातळ की शेजारणीने कुकर लावला की शिट्ट्या आपण मोजायच्या. कंपनीत त्याला कासारे म्हणतात, घरी बायको 'अहो' म्हणते, श्यामकांत 'हऱ्या' म्हणतो, आणि तो स्वतः स्वतःला हॅरी म्हणतो. (हे मनातल्या मनात. पण आंघोळ करताना मनातलं मोठ्याने निघतं, आणि भिंतींचं तर सांगितलंच.)

माणसाला एकच नाद. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. रॉक. संध्यावहिनी, म्हणजे त्याची बायको, नगरपालिकेच्या शाळेत शिकवते, ती म्हणते, "दारू असती तर सोडवता तरी आली असती." पन्नाशी आली, डोक्यावरचे केस पुढून गेले, तरी मागचे मानेपर्यंत ठेवलेत. पुढून बघितलं तर स्टोअरकीपर, मागून बघितलं तर विलायत. मुंबईत कुठेही गिटारवाल्यांचा कार्यक्रम असला की हा काळा टी-शर्ट घालून निघणार. (टी-शर्ट मूळचा काळा. आता धुऊन धुऊन चुलीतल्या राखेसारखा झालाय.) तिथे सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्यात हा. गेटवरचा वॉचमन विचारतो, "अंकल, मुलीला घ्यायला आलात का?" हा शांतपणे तिकीट दाखवतो. आत जाऊन तास-दोन तास मान हलवतो, आणि मग आठवडाभर स्टोअरमध्ये कुणी हाक मारली की मान वळत नाही म्हणून अख्खा देह वळवतो.

त्याचं म्हणणं असं, की स्टुडिओतलं गाणं म्हणजे फोटोतलं जेवण. खरं गाणं मैदानात, पब्लिकसमोर. पब्लिक ओरडते, शिट्ट्या मारते, कुणी खोकतं, कुणी शिव्या घालतं, त्या सगळ्यासकट जे रेकॉर्डिंग होतं ते खरं. बाकी सगळी फिल्टरच्या पाण्याने केलेली आंघोळ.

आणि असं एक खरं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. स्वतः केलेलं.

ऐंशी सालची गोष्ट. ग्रे पोनीज नावाचा गोऱ्यांचा बँड मुंबईला आला होता. चौघं होते, केस त्यांचे कमरेपर्यंत. हरिचंद्र आणि श्यामकांत दोघं तेव्हा कॉलेज संपवून नोकरीसाठी वणवण करत होते, पण तिकिटाचं जमवलं. आत टेपरेकॉर्डर न्यायची बंदी. हरिचंद्रने टेप पंच्यात गुंडाळला, पिशवीत घातला, त्याच्यावर आईने दिलेल्या भाकऱ्या ठेवल्या आणि भाकऱ्यांवर सुकटाची चटणी. गेटवरच्या माणसाने पिशवी उघडली, वास घेतला, पिशवी बंद केली आणि दोघांना हातानेच 'जा जा' केलं. (रॉकच्या इतिहासात सुकटाचा एवढा उपयोग कुणीच केला नसेल.)

ती कॅसेट हरिचंद्रला तोंडपाठ. तिसऱ्या गाण्यात मधेच गिटार थांबतं, सगळं शांत होतं आणि एक माणूस खोकतो. कोण माणूस, कुठला, माहीत नाही. पण त्या जागी हरिचंद्र पण बरोबर खोकतो. आणि सगळ्यात शेवटी बँड जायला निघतो, टाळ्या विरतात, आणि त्या शांततेत एकच आवाज येतो, "वन मोअर." तो गाणारा गोरा वळतो, हसतो आणि इंग्लिशमध्ये म्हणतो, "ठीक आहे दोस्ता, हे खास तुझ्यासाठी." आणि परत वाजवतात.

तो आवाज हरिचंद्रचा. अख्ख्या जन्मात एका मोठ्या माणसाने त्याच्याशी स्वतःहून बोललेलं तेवढंच. कंपनीचा मालकसुद्धा त्याला "ए स्टोअर" म्हणून हाक मारतो. लग्नानंतर संध्यावहिनीला पहिली भेट म्हणून त्याने काय दिलं असेल? ती कॅसेट ऐकवली. तिला वाटलं टेप बिघडलाय.

घोळ एवढाच होता, की श्यामकांत म्हणायचा, तो आवाज माझा.

तर हा श्यामकांत विठ्ठलवाडीला राहतो, बँकेतून व्हीआरएस घेतली म्हणून त्याने घरी जेवण ठेवलं होतं. जेवता जेवता व्याह्यांना सांगायला लागला, "ऐंशी साली एका विलायती गाणाऱ्याने अख्खा कार्यक्रम माझ्या एका शब्दावर वाढवला." हरिचंद्रच्या तोंडात मटणाची नळी होती. त्याने ती तशीच ताटात टाकली.

"श्याम्या, तू ओरडला नव्हतास. तुझ्या तोंडात चणे होते."

"चणे तुझ्या तोंडात होते, हऱ्या. आणि तू टेप धरला होतास. टेप धरणारा माणूस ओरडतो का? टेप धरणारा गप बसतो, नाहीतर टेप हलतो."

"मी एका हाताने धरला होता."

"ओरडायला हात कशाला लागतो?"

व्याही हसले. मीनलवहिनी, म्हणजे श्यामकांतची बायको, ती पण हसली. हरिचंद्रला ते हसणं वर्मी लागलं. बोलला, "येत्या रविवारी दोघं माझ्याकडे या. नवीन सीडी प्लेअर घेतलाय, मोठे स्पीकर आहेत. कॅसेटची सीडी करून ऐकवतो. मग कळेल कुणाचा आवाज."

कॅसेट एवढी जुनी झाली होती की गेली कित्येक वर्षं त्याने ती लावलीच नव्हती. फीत तुटेल म्हणून. नुसता कपाट उघडून हात लावायचा. आता सीडी करायची म्हणजे कुठे? संध्यावहिनी बोलली, "आपल्या पुतणीच्या, भावनाच्या लग्नाची सीडी ज्याने केली, त्या टेकचंदकडे द्या. किती छान केली होती."

इथे चूक झाली. कारण टेकचंद म्हणजे साधासुधा माणूस नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्याची व्हिडिओ मिक्सिंग लॅब. आता लग्नाच्या शूटिंगमध्ये काय असतं? मामा ओरडतो, "पाणी कुठाय?" पोरं रडतात, भांडी पडतात, आत्या रुसलेली असते ती माईकजवळच रुसते. टेकचंद हे सगळं उडवतो. एक एक आवाज कॉम्प्युटरवर पकडून कापतो आणि त्याजागी गोड म्युझिक टाकतो. त्याच्या हातात लग्न दिलं की पब्लिक मुकी होते आणि सगळे नुसते हसून हसून तांदूळ टाकताना दिसतात. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत त्याचं नाव आहे ते याच्यावर.

हरिचंद्र कॅसेट रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

"शादी की?" टेकचंदने विचारलं.

"शादी नाही. लाईव्ह कॉन्सर्ट आहे. रॉक."

"अच्छा, ऑर्केस्ट्रा. कुणाच्या हळदीला?"

"हळद नाही हो. मुंबईला झाला होता. गोरे लोक आले होते गायला."

"गोरे लोक हळदीला? मोठी पार्टी असेल."

हरिचंद्रने नाद सोडला. बोलला, "हे बघा, कॅसेट जुनी आहे. फीत जपून चालवा. आणि सगळी खरखर, घाण, कचरा काढून टाका. नुसता असली माल ठेवा. एकदम चकाचक."

"टेन्शन नका घेऊ, साईं," टेकचंद बोलला. "साफ करायचंच तर काम आहे आपलं. आपल्या घरचं समजून करतो."

आणि त्याने खरंच घरचं समजून केलं. ते जास्त वाईट झालं.

शनिवारी संध्याकाळी हरिचंद्र सीडी घेऊन घरी आला. वाटेतच बॉक्स बघून त्याचं डोकं फिरलं होतं. बॉक्सवर गुलाबी बदाम. बदामात हरिचंद्रचा फोटो, भावनाच्या लग्नात जेवताना काढलेला, गालात जिलबी. बाजूच्या बदामात चार गोरे, हरिचंद्रने कॅसेटच्या कव्हरवर चिकटवलेले. वर सोनेरी अक्षरात 'मंगल परिणय' आणि खाली 'हरिचंद्र वेड्स ग्रे पोनीज'.

संध्यावहिनीने बॉक्स हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि बोलली, "मला कळवायचं तरी. मी आहेर आणला असता."

"सीडी ऐक, कव्हर सोड," हरिचंद्र बोलला आणि बटण दाबलं.

स्पीकरमधून आली बुद्धवंदना. भावनाच्या लग्नाच्या सीडीत सुरुवातीला असते ना, तीच. कासाऱ्यांचं काम म्हणजे वंदना पाहिजेच, हे टेकचंदने लक्षात ठेवलं होतं. (माणूस मनाने सोन्यासारखा, त्याच्यावर रागावता पण येत नाही.) दोघं उठले, हात जोडून उभे राहिले. वंदना संपली, साधू साधू झालं, आणि त्याच्या पाठोपाठ ड्रम कडाडला. संध्यावहिनी जोडलेल्या हातांनीच दचकली.

गाणी सुरू झाली. एक संपलं, दुसरं. हरिचंद्रचा चेहरा उतरत चालला. गाणं संपलं की काहीच नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, कुणी आई-बापाचं नाव काढत नाही. जसं काही चार गोरे कुलूप लावलेल्या शाळेत बसून वाजवतायत. तिसऱ्या गाण्यात गिटार थांबलं, हरिचंद्र सवयीने खोकला. एकटाच.

"खोकला कुठे गेला?"

"आलं-मध घेऊ का करून?"

"माझा नाही गं. त्याचा."

शेवट आला. शेवटचं गाणं थांबलं आणि लगेच, मधे काहीही नाही, गोरा बोलला, "ठीक आहे दोस्ता, हे खास तुझ्यासाठी." कोण दोस्त, कशाचं तुझ्यासाठी, पत्ता नाही. माणूस हवेशी बोलतोय.

"छान आहे की," संध्यावहिनी बोलली. "पहिल्यांदा कळलं हे गाणं आहे ते. आधी वाटायचं कुठेतरी भांडण लागलंय."

हरिचंद्रने सीडी काढून बॉक्समध्ये टाकली. तो रात्री जेवला पण नाही, आणि रविवारी सकाळी जांभूळच्या जलकेंद्राचं पाणी आलं तरी नळाकडे बघितलं नाही. बदलापुरात माणूस एवढा रागावला म्हणजे समजून जायचं. बादल्या बायकोवर टाकून त्याने रिक्षा करून थेट कॅम्प तीन गाठला.

टेकचंदच्या लॅबमध्ये एक सिंधी मावशी मुलीच्या लग्नासाठी गाणी निवडत बसली होती. हरिचंद्रने सीडी टेबलावर आपटली.

"माझी पब्लिक कुठे आहे?"

"काढली," टेकचंद आनंदाने बोलला. "एकदम साफ. बघा साईं, चार चार घंटे बसलो मी. किती गंदी पब्लिक होती तुमची. एक तर गाण्याच्या मधेच खोकत होता. त्याला पहिला काढला."

"आणि शेवटी एक माणूस ओरडला होता, त्याला?"

"तो वन मोअर, वन मोअर? तो तर एकदम डिस्टर्ब करत होता. स्टेजवाला बोलायच्या आधीच घुसला. त्याला तर मी मुळापासून काढला."

"तो मी होतो."

टेकचंदने हरिचंद्रकडे बघितलं. मग सीडीकडे. मग मावशीकडे. मावशीने निवडलेली गाणी परत मोजायला घेतली.

"तुम्ही बोलले ना, कचरा काढा?"

"कचरा म्हणजे खरखर. मी म्हणजे कचरा?"

"असं कसं, साईं. पण लग्नाच्या धंद्यात पब्लिक म्हणजे कचराच असतो ना. पब्लिक ठेवली तर पार्टी भांडायला येते. पब्लिक काढली म्हणून भांडायला आलेली तुमची पहिली पार्टी."

"कॅसेट द्या माझी. मी दुसरीकडे करतो."

इथे टेकचंदने मान खाली घातली. त्याने ड्रॉवरमधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत कॅसेट होती आणि कॅसेटच्या बाहेर सगळी फीत, शेवयांसारखी. "एकदा चालली," तो हळूच बोलला. "पूर्ण चालली, शेवटपर्यंत. आणि शेवटच्या टाळीला मेली. मी खूप जपलं. माझ्या वडिलांची कॅसेट असती तरी एवढी नसती जपली."

"आणि कॉम्प्युटरमध्ये?"

"कॉम्प्युटरमध्ये सीझन आहे, साईं. जागा नाही. पब्लिक कापली की लगेच डिलीट. नाहीतर एका लग्नाची पब्लिक दुसऱ्या लग्नात जाते. मागे गेली होती. फार मारामारी झाली."

हरिचंद्र स्टुलावर बसला. पिशवीतल्या शेवया हातात घेऊन. त्याला ओरडायचं होतं, पण कुणावर? माणूस समोर पाणी घेऊन उभा. मावशी पण उठून आली, "बेटा, पंखा वाढव, ह्यांना घाम आलाय," असं बोलली. भांडायला आलेल्या माणसाशी सगळी दुनिया चांगली वागायला लागली की त्याने जायचं कुठे?

"दुपारी श्याम्या येणार," तो एवढंच बोलला.

कोण श्याम्या, काय भानगड, टेकचंदने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. "बस, एवढंच? पब्लिक टाकून देतो ना. माझ्याकडे स्टॉक आहे. पाचशे माणसांची पाहिजे, हजारची पाहिजे, लेडीज जास्त, जेंट्स जास्त. टाळ्या, शिट्ट्या सगळं देतो. आणि तुमचा तो वन मोअर, तो तुम्हीच द्या. हा माईक."

हरिचंद्र माईककडे बघत राहिला. ज्या माणसाने जन्मभर स्टुडिओला शिव्या दिल्या, त्याने आता स्टुडिओत बसून मैदानात ओरडायचं. पण मग त्याने विचार केला. आवाज मूळचा आपलाच. आपलाच आवाज आपल्याच जागेवर परत लावतोय. याला खोटेपणा म्हणत नाहीत, रिपेरिंग म्हणतात.

तो ओरडला, "वन मोअर."

"साईं, हे भाजीवाल्याला थांबवल्यासारखं झालं. परत."

तो परत ओरडला.

"आता पेन्शन मागितल्यासारखं झालं. पंचविशीतला आवाज पाहिजे. तुमचं काय वय होतं? आनंदी होते का तुम्ही?"

"खूप."

"मग तसं ओरडा ना."

हरिचंद्र तसं ओरडायला गेला आणि मधेच आवाज फाटला. 'वन' खाली राहिला आणि 'मोअर' कुठेतरी वर पंख्याजवळ गेला. मावशी तोंडाला पदर लावून गाणी निवडायला लागली. पुढच्या वेळेला ठसका लागला. त्याच्या पुढच्या वेळेला नुसती हवा आली.

"राहू दे, राहू दे," टेकचंद बोलला. "खूप झालं. मी जमवतो यातूनच. तुम्ही खाली जाऊन चहा घ्या."

चहा पिऊन हरिचंद्र वर आला तेव्हा सीडी तयार होती. ऐकायला वेळ नव्हता. रिक्षात बसल्यावर त्याला आठवलं, वंदना काढायची राहिली. पण वंदना काढा असं तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

दुपारी श्यामकांत आणि मीनलवहिनी आले. कोंबडीवडे झाले, सोलकढी झाली. मग हरिचंद्रने सगळ्यांना स्पीकरसमोर बसवलं, पडदे ओढले आणि बटण दाबलं. वंदना सुरू झाली. चौघंही उठून हात जोडून उभे राहिले. पंचशील आलं, त्यात खोटं बोलणार नाही हे वचन आलं, आणि हरिचंद्रने ते वचन बाकी तिघांपेक्षा जरा हळू आवाजात म्हटलं.

"हऱ्या," श्यामकांत बसता बसता बोलला, "हे पोनीज आपल्यातले होते काय रे?"

"टेकचंदने टाकलंय. ऐक तू."

गाणी सुरू झाली. श्यामकांतने डोळे मिटले, मान हलायला लागली. तिसऱ्या गाण्यात गिटार थांबलं आणि त्याने एक डोळा उघडला. "खोकला कुठाय?"

"बरा झाला असेल."

"पंचवीस वर्षांनी?"

"ऐक ना."

गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टेकचंदने चांगली हजारची पब्लिक टाकली होती, हात आखडला नव्हता. हरिचंद्रच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्या टाळ्यांतून लाऊडस्पीकरवर एक माणूस बोलला, "एमएच झिरो फाईव्ह, सफेद गाडी, गेटवरून काढा. वऱ्हाडाची बस आत यायची आहे."



"मुंबईला," श्यामकांतने सावकाश विचारलं, "ऐंशी साली, एमएच झिरो फाईव्ह?"

"बाजूला लग्न होतं. तुला आठवत नसेल. तुझ्या तोंडात चणे होते."

"पण तेव्हा गाड्यांना एमएच नव्हतंच."

"मुंबईत सगळं आधी येतं," हरिचंद्र बोलला आणि आवाज वाढवला. संध्यावहिनी त्याच्याकडे बघत होती. वर्गात कॉपी करणाऱ्या पोराकडे ती जशी बघते तशी.

शेवटचं गाणं आलं, संपलं. टाळ्या झाल्या, विरल्या. हरिचंद्रने श्वास धरला. आणि त्या शांततेत आवाज आला. स्वच्छ, तरणा, आनंदाने भरलेला. "वन मोअर." गोरा बोलला, "ठीक आहे दोस्ता, हे खास तुझ्यासाठी," आणि गिटार वाजायला लागलं.

हरिचंद्रच्या अंगावर काटा आला. काय ओरडलो आपण. फाटलेल्या आवाजातून टेकचंदने हिरा काढला होता. त्याला स्वतःची पंचविशी समोर दिसली. तो श्यामकांतकडे वळला, बघ म्हणायला.

श्यामकांत रडत होता.

"हाच," तो डोळे पुसत बोलला. "हाच माझा आवाज. हऱ्या, तुझे उपकार झाले. मेलो असतो तरी हा परत ऐकायला मिळाला नसता."

"तुझा?"

"मग? तो 'वन' ऐकलास? नाकातून आला. माझा 'वन' नाकातूनच येतो."

"नाकातून माझा येतो. मला लहानपणापासून सायनस आहे."

"यांचाच आहे हो भाऊजी," मीनलवहिनी मधे पडली. "गॅस संपला की हे स्वयंपाकघरातून अगदी असेच ओरडतात."

"वहिनी, तुम्ही तेव्हा तिथे नव्हता."

"पंचवीस वर्षं घरी आहे ना."

हरिचंद्रने परत लावलं. परत आवाज आला. दोघांनी परत डोळे मिटले, दोघांनी परत एकदमच मान डोलावली, "माझाच." तिसऱ्यांदा लावलं. श्यामकांतने तर आवाजाबरोबर ओरडून दाखवलं, शेजारी कुणीतरी भिंतीवर थापा मारल्या. (मी नाही. माझा वामकुक्षीचा वेळ होता, मी नुसता कान लावून होतो.) आणि मग तो बोलला, "मला याची कॉपी पाहिजे. व्याह्यांना ऐकवतो. कव्हरवर माझा फोटो घाल."

आता तुम्हीच सांगा. आपला आवाज. आजच सकाळी, उपाशीपोटी, घसा फाडून काढलेला. आणि समोर बसलेला माणूस कोंबडीवडे खाऊन तो घरी घेऊन चाललाय. हरिचंद्रच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. खरं बोलावं तर सीडी खोटी, गप्प बसावं तर आवाज गेला. त्याने तोंड घट्ट मिटलं. पण मघाशीच सांगितलं, त्या तोंडाला कुलूप राहत नाही.

"अरे गाढवा," तो उसळला, "तुझा कसा असेल? तो आवाज आज सकाळी केलाय. कॅम्प तीनमध्ये."

गिटार चालूच होतं. संध्यावहिनीने उठून ते बंद केलं.

"म्हणजे?" श्यामकांत बोलला. "मग खरा कुठे आहे?"

"काढला."

"कुणी?"

"टेकचंदने. चुकून. फीत पण तुटली."

श्यामकांतने डोळे पुसलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग तो मीनलवहिनीकडे वळून शांतपणे बोलला, "बघितलंस? याने माझा आवाज पुसला. ऐकल्यावर कळलं असेल, श्याम्याचाच आहे. मग पुसून स्वतःचा भरला."

"मी? मी पुसला? थांब," हरिचंद्र बोलला. "माणूसच उभा करतो तुझ्यासमोर. निदान हा आवाज तरी माझा आहे हे त्याच्या तोंडून ऐक. मग पंचवीस वर्षांपूर्वी कोण ओरडलं असेल ते तूच ठरव. आवाज तोच आहे. तुलाच तो ओळखू आला ना?"

त्याने मोबाईल काढला, स्पीकरवर टाकला आणि टीपॉयवर ठेवला. चौघं वाकून बसले.

"बोला कासारे साहेब," टेकचंदचा आवाज आला. "पार्टी खुश?"

"टेकचंद, सगळे ऐकतायत. खरं खरं सांगा. सीडीत तो वन मोअर कुणाचा आवाज आहे?"



"सांगू? नाराज नाही ना होणार?"

"बिनधास्त सांगा. नाव घेऊन सांगा."

"मीच ओरडलो, साईं. तुमचे सगळे टेक खराब आले, काही कामाचे नव्हते. तुम्ही चहाला गेले, मी बोललो, माणसाची इज्जत आहे, आपणच देऊन टाकू. एका टेकमध्ये ओके झाला. मावशीने पण टाळी दिली."

श्यामकांतने हरिचंद्रकडे बघितलं. हरिचंद्रने श्यामकांतकडे. दोघांची नाकं समोरासमोर होती आणि दोघांनाही ती कुठे ठेवावी कळेना. मीनलवहिनी सोलकढीचे ग्लास उचलायला लागली, आणि संध्यावहिनी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, नुसता ओट्याशी आवाज येत होता, हसण्याचा का भांड्यांचा ते नीट कळत नव्हतं.

"हॅलो? कासारे साहेब? एक विचारू?" टेकचंद लाईनवरच होता. "मी ओरडल्यावर तो गोरा मला काहीतरी बोलतो. आपलं इंग्लिश तेवढं नाही. काय बोलतो तो?"

हरिचंद्रने एकदा छताकडे बघितलं, मग पिशवीतल्या फितीच्या शेवयांकडे.

"बोलतो," तो बोलला, "ठीक आहे दोस्ता, हे खास तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" टेकचंद फोनवरच लाजला. "एवढा मोठा माणूस. कुठे भेटला तर त्याला माझ्याकडून थँक्यू बोला."